जाताना संथ, येताना उडती

आमच्या घरी पाहुणे जेवायला बसले आणि वरणाला अजून वेळ आहे असं दिसलं, की ही स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, ती घोड्याची गोष्ट सांगा की!" मग मी सांगतो. कुकर जितक्या शिट्ट्या घेईल तितकी ती लांबते. गोष्ट माझ्याच फजितीची असल्यामुळे घरातल्या कुणालाही तिचा कंटाळा येत नाही. मी एखादा तपशील गाळला तर मुलं तो पुरवतात, आणि न घडलेले दोन वर घालतात. आज निवांत बसून लिहितोय, तेव्हा खरं तेवढंच लिहीन. जमेल तितकं.

आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर होतो. राहायला नाशिकला, कॉलनीतल्या दोन खोल्यांत, आईवडिलांबरोबर. आमच्या खात्यातल्या एका कारकुनाला क्लॅरिनेट वाजवायचा नाद होता. त्यानं कुठून तरी देवळालीचे एक मास्तर शोधून काढले. मास्तर मूळचे गोव्याचे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवलेले, नंतर लष्करी बँडमधून निवृत्त झालेले. त्यांची एकच इच्छा उरली होती, मरायच्या आधी नाशकात डिक्सीलँड बँड उभा करायचा. असली इच्छा असलेला माणूस जिल्ह्यात दुसरा नसावा.

मी घरी सांगितलं, "मी डिक्सीलँडमध्ये जातोय." वडील खूश झाले. "कुठल्या अंगाला आली ही स्कीम? पाण्याची सोय आहे का?" प्लॉट नसून अमेरिकेतलं जुनं जॅझ संगीत आहे, हे कळल्यावर त्यांनी पुन्हा पेपर उघडला.

मास्तरांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि शिंपी बघतो तसं बघितलं. माझे हात लांब. आई नेहमी म्हणायची की तुझ्या बाह्यांना कापड पुरत नाही. मास्तर म्हणाले, "तुम्हारा हाथ ट्रॉम्बोन का हाथ है." आयुष्यात माझ्या कुठल्याही अवयवाचं झालेलं हे एकमेव कौतुक. त्यांनी पलंगाखालून एक लांबडी पेटी ओढली. आत पितळी ट्रॉम्बोन होता. त्याला बोटांनी दाबायच्या कळा नसतात. एक लांब नळी असते, ती सायकलच्या पंपासारखी पुढे ढकलायची आणि मागे ओढायची. नेमकी किती ढकलायची, याच्या खुणा कुठेच नसतात. कारखान्यात मी केसाच्या जाडीइतका फरक ओळखत असे. ट्रॉम्बोनवर मात्र वीतभर चुकायचो.

डिक्सीलँड म्हणजे काय, ते मास्तरांनी असं समजावलं: "ट्रंपेट सीधा गाणं सांगणार. क्लॅरिनेट वर चढून त्याच्या चहाड्या करणार. ट्रॉम्बोन खालून हं-हं, अरे बापरे, असं करणार. सब एकसाथ बोलेगा, पण कुणी कुणाला तोडायचं नाय."

म्हणजे आमच्याकडच्या रात्रीच्या जेवणासारखंच. फक्त आमच्याकडे एकमेकांना तोडायचे.

पहिल्या आठवड्यात समोरच्या ब्लॉकमधल्या काकू गॅलरीत येऊन आईला म्हणाल्या, "म्हैस घेतली का हो? रात्री सांगायचं तरी, मी वैरण पाठवली असती." आईनं मला गच्चीवर हाकललं. गच्चीवरून आवाज लांबवर जायला लागला, तेव्हा म्हशीची चौकशी करणाऱ्या काकवांची संख्या वाढली.

मास्तरांनी आम्हाला दोनच गाणी शिकवली. एक अगदी संथ, पाय ओढत चालावं तसं. दुसरं उडत्या चालीचं, चपला सोडून पळावं तसं. आणि एक नियम. "जाताना संथ, येताना उडती. रूल इज रूल." का, असं कुणी विचारलं की ते ट्रंपेट पुसायला घेत. आम्ही कारखान्यातली माणसं. ड्रॉइंगवर आहे तसं करायचं, का ते विचारायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. आम्ही पाठ केलं. आमचा ढोलवाला सटाण्याकडचा, रंगखात्यातला. तो सायकलनं कामाला निघताना संथ शीळ घालायचा आणि घरी परतताना उडती.

याच सुमारास माझं लग्न ठरायला लागलं. मुलगी येवल्याची. तिचे वडील पैठणी विणणारे, घरातच दोन माग. बघायला गेलो तेव्हा पोहे बरे होते आणि मुलगी इतकी बरी होती की मी पोहे खायचे विसरलो. मामा मध्यस्थ होते. सगळं जुळत आलं, आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "मुलाला वाजवण्याचाही शौक आहे."

"काय वाजवतात?" सासऱ्यांनी विचारलं. म्हणजे होणाऱ्या.

मी हातानं नळी मागेपुढे करून दाखवली.

"म्हणजे बँडवाले?"

"नाही नाही, डिक्सीलँडवाले," मामा घाईनं म्हणाले. त्यामुळे काहीच सुधारलं नाही.

सासऱ्यांनी आतल्या मागाकडे बोट केलं. आवाज ऐकू येत होता, खट्-खटाक्, खट्-खटाक्. मग म्हणाले, "हे बघा, पोरगी जन्मल्यापासून ही खटखट ऐकतीय. पाळण्यातसुद्धा तिला दुसरी अंगाई मिळाली नाही. सासरी तरी तिच्या कानाला शांतता मिळू द्या. माझी एकच अट. अक्षता पडल्यावर तुमच्या घरात हे वाद्य वाजणार नाही."

मी दाराआडून दिसणाऱ्या तिच्या बांगड्या बघितल्या आणि हो म्हणालो. नाशिकला परतताना एसटीत मात्र हिशोब काही जुळेना. मुलगी हवी होती, आणि ते पितळी धूडही हवं होतं. अख्ख्या आयुष्यात मला वाईट का होईना, पण येणारी ती एकच गोष्ट होती.

मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "ट्रॉम्बोन गेला तर डिक्सीलँड गेला." आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. कारकुनानं मात्र फाइल वाचावी तशी अट वाचली. "अट अक्षता पडल्यानंतरची आहे ना? म्हणजे अक्षता पडेपर्यंत तू मोकळा. लग्नाला बँड आपलाच. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत तूच वाजवायचं. शेवटचं."

"अरे, पण मी नवरदेव! मी घोड्यावर असणार!"

मास्तर गर्रकन वळले. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले की जिथून हे संगीत आलं, तिथं ट्रॉम्बोनवाला गाडीच्या अगदी मागच्या कडेला बसायचा, म्हणजे नळी कुणाला लागायची नाही. "घोडा तो उससे भी अच्छा. उंच आहे."

घोड्याचं मत कुणीच विचारलं नाही.

लग्नाच्या सकाळी येवल्याच्या मारुतीला नारळ फोडला. मला घोड्यावर चढवलं. डोक्याला मुंडावळ्या, कमरेला कट्यार, हातात ट्रॉम्बोन. मुंडावळ्या सारख्या नळीत अडकत होत्या. येवल्याची माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, "नवरदेव हत्यार घेऊन आलाय." दुसरा म्हणाला, "हत्यार नाय, बंब हाय. लय तापट दिसतोय."

मास्तरांनी ट्रंपेट उचलला. पारावरून मांडवाकडे जायचं होतं. जाताना काय? संथ. रूल इज रूल.

आम्ही सुरू केलं. लग्नाचा घोडा बँडच्या दणक्यावर नाचत चालायला शिकलेला असतो. या घोड्यानं पहिले सूर ऐकले, मान खाली घातली आणि उभा राहिला. वऱ्हाड त्याच्यामागे उभं राहिलं. नाचायला तयार होऊन आलेले माझे मित्र हात वर करून तसेच थांबले, मग हळूच हात खाली घेऊन पाठीमागे बांधले. एका म्हाताऱ्या बाईनं डोळ्यांना पदर लावला. रस्त्याकडेच्या चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

घोडेवाला लगाम ओढून थकला. म्हणाला, "सायेब, काय वाजवून राह्यले तुम्ही? माझा घोडा लग्नाचा हाय, मयताचा नाय!"

मला ते लागलं. घोड्याला समजावं म्हणून मी जरा जोर लावला आणि 'अरे बापरे' हा माझा ठेवणीतला सूर काढायला नळी पूर्ण पुढे ढकलली. ती थेट घोड्याच्या उजव्या कानात गेली.

यापुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ढोलवाल्याची आरोळी मात्र स्पष्ट ऐकू आली: "घोडा पयना रे भो!" घोडा पळाला. ट्रॉम्बोन टाकला तर मास्तर जीव देतील, घोडा सोडला तर मीच जाईन, म्हणून दोन्ही धरून बसलो. मांडवाच्या दारात सासूबाई ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यासमोरून मी गेलो. त्यांनी सवयीनं एक वळसा ओवाळला, तोवर मी पुढच्या चौकात होतो. ही खिडकीतून बघत होती. ती अजून सांगते, "मला वाटलं, मी पसंत पडले नाही म्हणून नवरा आला तसा निघून गेला."

एसटी स्टँडजवळ घोड्याला कडब्याची गाडी दिसली आणि तो आपणहून थांबला. परत आलो तेव्हा मुहूर्त टळायला आला होता. घाईघाईनं मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. मी ट्रॉम्बोन पेटीत ठेवला, झाकण लावलं, पेटी मास्तरांच्या हातात दिली. सासरे लांबून बघत होते. सकाळपासून ते कुणाशीच फारसं बोलले नव्हते. एकुलती एक मुलगी. वऱ्हाडात कुजबूज होती की पाठवणीच्या वेळी ह्यांना सांभाळायला दोघे जण लागतील.

पंगतीत नेमके मास्तर त्यांच्या शेजारी बसले. मी समोर. मास्तरांच्या पोटात जिलब्या गेल्या, वर मठ्ठा गेला, आणि त्यांची जीभ सैल झाली. सासऱ्यांनी सौजन्यानं विचारलं, "सकाळचं ते गाणं कुठलं म्हणायचं?"

"वो? वो तो मय्यत का है," मास्तर समाधानानं म्हणाले.

सासऱ्यांच्या हातातली जिलबी हातातच राहिली. मामांना ठसका लागला. माझ्या पानातला मसालेभात एकदम फार लांब दिसायला लागला.

"म्हणजे माझ्या दारात तुम्ही मयताचं वाजवत आलात?"

"हां. एकदम करेक्ट वाजवलं," मास्तर म्हणाले. "उधर का रिवाज आहे. माणसाला पोचवायला जाताना संथ. मग त्याला सोडून दिलं, की परत येताना उडती. नाचत. जो गया सो गया, पण जे घरी चाललेत, त्यांनी रडत का जायचं?"

सासऱ्यांनी जिलबी पानात ठेवली, परत उचलली आणि खाल्ली. मग विचारलं, "आता पोरगी निघताना कुठलं वाजणार?"

"मारुतीकडून आलो तो जाना. आता परत जाणार, ये हुआ आना. मतलब उडती."

ते उठून हात धुवायला गेले. मामा माझ्या कानात म्हणाले, "संपलं. आता तू जन्मात शीळसुद्धा घालू नकोस."

दुपार कलल्यावर पाठवणी निघाली. बायका रडायला लागल्या, ही आईच्या गळ्यात पडली, आणि मास्तरांनी ट्रंपेट तोंडाला लावला. उडती चाल सुरू झाली. पण ती उडेना. ट्रंपेट गाणं सांगत होता, क्लॅरिनेट चहाड्या करत होता, आणि खालून 'हं-हं' म्हणणारं कुणीच नव्हतं. एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखं ते लटलटत होतं. मी शेला सावरत, अपराध्यासारखा उभा होतो.

सासरे हिच्याजवळ उभे होते. त्यांची हनुवटी हलायला लागली होती. सांभाळायला नेमलेले दोघे जण पुढे सरकले. तेवढ्यात ते माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडलेच, "जावईबापू! तुमचं ते पंपाचं कुठंय?"

"पेटीत," मी म्हणालो. "अट..."

"घरात म्हणालो होतो मी! हे अंगण आहे! वाजवा लवकर, नाहीतर माझं काही खरं नाही!"

मी मास्तरांच्या पायाशी ठेवलेल्या पेटीकडे धावलो. शेला पायात आला, त्याला गाठ मारलेली ही मागोमाग ओढली गेली, आणि आम्ही दोघं जोडीनं पेटीवर पडलो. रडणाऱ्या बायकांतून पहिलं हसू तिथं फुटलं. मी तसाच गुडघ्यावर बसून वाजवायला लागलो. वीतभर चुकतच असणार, पण खालून 'अरे बापरे' आलं आणि चाल उडाली. माझ्या मित्रांनी सकाळपासून राखून ठेवलेले हात वर केले. घोड्यानं लांबवर मान हलवली आणि, घोडेवाल्याच्या शपथेवर सांगतो, ठेका धरला. ही रडत होती आणि हसत होती, आणि तिला मध्येच उचकी लागली. सासरे डोळे पुसत टाळ्या वाजवत होते. टाळी ठेक्याच्या बाहेर पडत होती. खट्-खटाक्, खट्-खटाक्. मास्तर त्यांच्याकडे बघून मान डोलवत होते. या संगीतात ठेका असाच आडवा पडतो, असं ते नंतर म्हणाले.

अट मात्र त्यांनी कधी मागे घेतली नाही. शब्दाचा पक्का माणूस. आमच्याकडे राहायला आले की चहा पिऊन झाल्यावर घडीची खुर्ची काखेत मारायचे आणि म्हणायचे, "चला. घरात नको." कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवर खुर्ची टाकून बसायचे. मी शेजारी उभा राहून नळी ढकलायचो.

एकदा समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "अहो, म्हैस व्याली का?"

सासऱ्यांनी खुर्चीतूनच उत्तर दिलं, "नाही अजून! कळा चालू आहेत!"