झेरॉक्सच्या दुकानाबाहेरचा फळा

झेरॉक्सवाल्या दादांच्या फळ्यावरचे शब्द मी सगळ्यांसमोर पुसले. चूक माझीच होती.

शांती नगरात त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. बाहेरच्या फळ्यावर ते रोज एक इंग्रजी शब्द लिहितात आणि खाली त्याच्यापासून झालेले जुने, कुणी न वापरणारे शब्द. "एकाच आजीची नातवंडं आहेत बरं का ही," असं मराठवाडी सुरात सांगतात. त्या दिवशी आजी होती 'बेली', म्हणजे पोट. खाली बेलीटिंबर, म्हणजे पोटाचं सरपण, अन्न. बेलीचिअर, म्हणजे मेजवानी. आणि बेलीगॉड, खादाड माणूस. त्याच्यापुढे त्यांनी झोकात लिहिलं होतं, 'पोटोबा'.

"मनाचे शब्द कशाला बनवताय? पोरांचं इंग्रजी बिघडेल," म्हणत मी फडकं फिरवलं. दोघे-तिघे हसले. ते माझ्या कागदांच्या कडा जुळवत राहिले.

दुसऱ्या दिवशी तेच शब्द पुन्हा फळ्यावर होते, प्रत्येकापुढे पान नंबर. काउंटरवर जाडजूड शब्दकोश उघडा. मी एकेक पान काढून पाहिलं. सगळे शब्द होते. असा माणूस आपल्या गल्लीत आहे, याचा मला फार अभिमान वाटला. तरी आठवडाभर मी दुसऱ्या दुकानात जात राहिलो.

शेवटी एका सकाळी त्यांच्याच दुकानात, भर गर्दीत म्हणालो, "दादा, शब्द खरे होते. मला ठाऊक नव्हते, आणि झेरॉक्सवाल्याला ठाऊक आहेत हे मला सोसलं नाही. माफ करा."