ताईचा अँटीव्हायरस

माझी मोठी बहीण मुरबाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. क्लासने जुनी मशीनं काढायला घेतली तेव्हा त्यातलं एक तिने मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून धसईला घरी आणलं. मला वाटलं होतं, आधी मला शिकवेल. तिने बाबांना बसवलं. जन्मभर भातशेती केलेले हात ते, माउस त्यांच्या तळव्याखालून निसटायचा. ताई म्हणायची, "हलक्या हाताने, बाबा. तो काय बैल नाय."

अँटीव्हायरस तिनेच टाकला. टाकताना त्याने नाव विचारलं, तिने स्वतःचं घातलं. तेव्हापासून मशीन सुरू केलं की कोपऱ्यात हिरवा चौकोन यायचा: हॅलो, आणि पुढे तिचं नाव. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण तेवढी अक्षरं ते ओळखायला लागले.

मग एका पावसाळ्यात तिला ताप आला. साधा वाटला. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला न्यायला सांगितलं, आम्ही नेली. परत आणली ती पांढऱ्या चादरीत.

त्यानंतर कधीतरी अँटीव्हायरसची मुदत संपली. चौकोन हिरव्याचा लाल झाला. हॅलो, तिचं नाव, आणि खाली, तुमचं संरक्षण संपलं आहे. मी तोवर नोकरीसाठी शहापूरला राहायला गेलो होतो. सुट्टीत घरी आलो की तो लाल चौकोन मी आधी बंद करायचो. एकदा मी म्हटलं, "हे काढून टाकतो, बाबा. आता काही उपयोगाचं नाही."

"र्‍हाऊ दे," बाबा म्हणाले. "त्याच्यात तिचा नाव येतो."

आई चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. मी काढला नाही.

यंदा बाबा म्हशाच्या जत्रेतून भजनांनी भरलेला पेनड्राइव्ह घेऊन आले. लावला, भजनं ऐकली. दुसऱ्या दिवशी मला फोन आला. आवाज इतका बारीक की आधी मला वाटलं आई बोलतेय. "पोरा, ताईचे फोटो गेले रे. माझ्या हातून गेले."

मी पहिल्या गाडीने निघालो. ताईने मशीनवर भरून ठेवलेल्या फोटोंच्या फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट उरले होते, उघडले की काहीच नाही. पेनड्राइव्हमधून व्हायरस आला होता. फोटो बहुतेक आतच कुठेतरी लपवलेले असणार, हे मला कळत होतं, पण खात्री नव्हती. मी नवा अँटीव्हायरस टाकायला घेतला. तो अडला. आधी जुना काढा, मग मी येतो, असा त्याचा हट्ट.

मी बाबांना तसंच सांगितलं. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले होते.

"नाव जाईल?"

"हो."

"नि फोटो येतील?"

"येतील असं वाटतं, बाबा. वचन नाही देत."

त्यांनी मान हलवली. मी काढायला सुरुवात केली. तुम्हाला नक्की काढायचं आहे का, त्याने विचारलं. मी हो म्हटलं. मग त्याने एक यादी समोर धरली: आम्हाला का सोडून जात आहात? कारण निवडा. मशीन हळू चालतं, दुसरं आवडलं, असं काहीबाही. माझा हात तिथेच थांबला. डोळ्यांसमोर अक्षरं पुसट झाली. बाबांनी माझ्या हाताखालून माउस घेतला, म्हणाले, "कुठं दाबू?" मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी हलकेच दाबलं.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. कोपरा रिकामा होता. नवा अँटीव्हायरस टाकला, त्यानेही नाव विचारलं. मी ताईच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं, तसा बाबांनी माझा दंड धरला.

"नको. तुझा घाल."

"बाबा..."

"तुझा घाल रे. तू हायस ना."

मी माझं नाव घातलं.

नव्या अँटीव्हायरसने मशीन साफ केलं, लपलेले फोटो मी एकेक करून बाहेर काढले. जवळजवळ सगळे मिळाले. आई पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली. भाताच्या आवणीचे फोटो, गाय व्यायली तेव्हाचे, आई पापड वाळत घालताना, बाबा चिडलेले, मी दात काढतोय. आम्ही तिघे पुन्हापुन्हा, ताई मात्र कुठेच नाही. कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असायचा.

"एक पण नाय तिचा?" आईने विचारलं.

एका फोटोत अंगणात तिची सावली पडलेली दिसली, हात वर केलेली, फोटो काढताना. आईने खुर्चीची पाठ धरली. मी तो मोठा केला आणि तसाच उघडा ठेवला. बाबा उठून बाहेर गेले, गोठ्याशी जाऊन उभे राहिले. मी हाक मारली नाही.