साडेचार हजारांची नाणी

जळगावच्या एका शाळेत मी इतिहास शिकवत होतो आणि मला जुनी नाणी जमवायचा नाद होता. धरणगावच्या बाजारात मोडीची भांडी विकत घेणारा एक म्हातारा बसायचा. त्याच्या पोत्यात तांब्याच्या शिवराया, संस्थानी रुपये असं काहीबाही निघायचं. बारा वर्षं मी महिन्यातून एकदा त्याच्याकडे जात होतो. बायकोला सांगायचो, मोडीच्या भावात मिळतात, चार-आठ आण्यांत. म्हातारा मात्र माझा चेहरा बघून भाव करायचा, आणि नाणं आवडलं की तो चेहरा लपवणं मला कधी जमलं नाही.

पुढे डोळ्यांना नाण्यांवरची अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा विकून टाकायचं ठरवलं. धुळ्याला एक मारवाडी कापड व्यापारी होते, त्यांनाही हाच छंद. डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं गेलो. शेठजींनी भिंगातून एकेक नाणं पाहिलं, चहा पाजला, दोन नाणी नकली असल्याचं फार हळुवारपणे सांगितलं आणि सगळ्यांचे मिळून साडेचारशे रुपये दिले. मी मागितली म्हणून पावतीही दिली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या खोलीत सगळ्यांनी विचारलं, काय आलं? हीच मंडळी बारा वर्षं मला हसत आली होती. तोंडातून निघून गेलं, ‘साडेचार हजार.’ खोली गप्प झाली. ती शांतता मला इतकी आवडली की चूक दुरुस्त करायचं राहूनच गेलं.

आठ दिवसांनी आमचा भडगावकडचा शिपाई म्हणाला, “गुरुजी, बठ्ठा गावमा तुमनीच बात शे.” गावभर माझीच चर्चा, म्हणून मी खूश झालो. ती बात आयकर कचेरीतही पोचली असेल, हे काही सुचलं नाही. महिन्याभरात पत्र आलं: नाण्यांच्या विक्रीतून झालेल्या नफ्याचा खुलासा करण्यासाठी समक्ष हजर राहावे.

बायको बरोबर आली. मला तिथूनच परस्पर आत टाकतील अशी तिची समजूत होती. साहेब तरुण होते, बोलायला शांत. मी पावती पुढे केली आणि साडेचार हजार ही थाप होती, असं खाली बघून कबूल केलं. इतकं केलं की सुटलो, असं वाटत होतं. पण साहेब म्हणाले, “कर विक्रीवर नसतो, गुरुजी, नफ्यावर असतो. ही नाणी तुम्हाला पडली कितीला?”

खरेदीची वही माझ्या पिशवीत होती. मी बायकोला म्हटलं, तू जरा बाहेर बस, इथं उकडतंय. ती म्हणाली, “मी इथंच बरी आहे.”

साहेबांनी वही घेतली आणि प्रत्येक रक्कम मोठ्यानं वाचत बेरीज केली. सहाशे ब्याऐंशी रुपये झाली. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिली आणि म्हणाले, “तुम्हाला तर तोटा झालाय. कर कसला लावू?”

कर चुकल्याचा आनंद मला त्या खोलीत मिळाला नाही. घरी येताना बायकोनं विचारलं, “शिलाई मशीनला पैसे नाहीत म्हणालात, ते कुठलं वर्ष?” ते वर्ष वहीत होतं. एका संस्थानी रुपयाला मी तेव्हा बावीस रुपये मोजले होते, आणि दोन नकली नाण्यांपैकी एक तेच निघालं. पुढच्या महिन्यात शेठजींच्या पैशांतून मशीन घरी आलं.

शाळेत मी एकदाचं खरं सांगून टाकलं: साडेचारशेच आले, वर तोटा झाला, कर लागला नाही. कुणाचाही विश्वास बसला नाही. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तोटा दाखवून देणारा वकील कोण गाठलात?” त्यांच्या भावाचं कराचं काहीतरी अडकलं होतं. वकील नव्हताच, असं मी शपथेवर सांगितलं. ते चार दिवस विचारत राहिले, मग रागावले, आणि त्या वर्षी साठ मुलांची सहल माझ्या एकट्याच्या गळ्यात घातली.