शकुंतलाबाईंची चुकीची उत्तरं

शकुंतलाबाई लिमये कोड्यांच्या बाबतीत अगदीच ढ आहेत, असं माझं पक्कं मत होतं आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवत असे. माझी मतं तशी लवकर पक्की होतात.

मी मल्हार. कोरेगावात माझा केबलचा धंदा. अठ्ठ्याण्णव साली जुना कॉम्प्युटर विकत घेतला आणि गावापुरत्या चॅनेलवर रोज संध्याकाळी सात वाजता एक शब्दकोडं टाकायला लागलो. निळ्या पडद्यावर तीन-चार चौकोन, एखादं अक्षर आधीच भरलेलं, खाली एका ओळीची खूण. उत्तर फोनवर सांगायचं. आठ वाजता बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं पडद्यावरून सरकायची. बक्षीस काहीच नाही, तरी लोक येडे झाले. सात वाजले की न्हाव्याच्या दुकानातली कात्री थांबायची. सगळ्या गावाला मिळून एकच कोडं, तेही दिवसाला एकच, यातच त्याची गोडी असावी. कुणी दुसरं मागितलं तर मी द्यायचो नाही.

फोनवर मीच बसायचो. उत्तर बरोबर आलं की नाव लिहून घ्यायचं आणि फोन खाली, कारण मागे बाकीचे खोळंबलेले असायचे. चुकलं तर मात्र चार शब्द बोलावे लागायचे, खूण फोडून सांगावी लागायची. आणि शकुंतलाबाई रोज चुकायच्या.

एकदा कोडं होतं, ‘गोठ्यात गुरं ओळीनं बांधतात ती जागा’. तीन अक्षरं, शेवटचं ‘ण’. अख्ख्या गावाला ‘दावण’ सुचलं. बाई म्हणाल्या, “गव्हाण.”

“आवं आक्का, गव्हाणीत चारा घालत्यात. गुरं कुठं बांधत्यात?”

“थांबा हं. औंधला माझ्या आजोळी गोठा होता. त्यात एक पांढरी गाय होती, ती मामीशिवाय कुणाला हातच लावू द्यायची नाही...”

गाय, मामी, मामीचं दुखणं असं करत करत बाई दावणीपर्यंत पोचल्या. तोवर लाइन अडलेली. फोन ठेवून मी कपाळावर हात मारून घेतला.

खरं तर फोन हेच त्यांचं आयुष्य होतं. तीस वर्षं सांगलीच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर. “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” हे दिवसातून शंभरदा विचारायचं आणि लोकांना लोकांशी जोडून द्यायचं. मग ऑफिसात नवी यंत्रं आली, नंबर आपोआप लागू लागले आणि बाईंच्या खुर्चीचं काम संपलं. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त होऊन त्या कोरेगावात धाकट्या भावाजवळ राहायला आल्या, आणि वर्षाच्या आत भाऊ गेला. हे सगळं मला त्यांच्या चुकीच्या उत्तरांमधूनच कळलेलं.

दिवाळीनंतर सांगलीचा अनीश नावाचा एक विक्रेता दुकानात आला. फोनला जोडायचं उत्तराचं मशीन घेऊन. “मल्हारशेठ, पुढं कोड्याला माणूस लागणारच नाही,” तो म्हणाला. “ज्याचं कोडं त्याच्या स्क्रीनवर. मशीनच कोडं घालणार आणि चूक का बरोबर तेही मशीनच सांगणार.” मला पांढरी गाय आठवली. मशीन घेऊन टाकलं.

फोन केला की आता माझा टेप केलेला आवाज यायचा, ‘नाव आणि उत्तर सांगा’. लोक सांगायचे, कॅसेटवर उतरायचं, साडेसातला मी ऐकायचो. पहिल्या संध्याकाळी पहिलाच आवाज आला, “शकुंतला लिमये. कोनाडा.”

बरोबर. म्हटलं, लागला बाईंचा मटका. दुसऱ्या दिवशीही पहिल्या त्याच, बरोबर. तिसऱ्या दिवशीही. असे सलग अकरा दिवस त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर सरकत होतं. मशीननं बाईंना सुधारलं म्हणून मी खूश. एक गोष्ट तेवढी खटकायची. बाकीचे उत्तर सांगून फोन ठेवायचे. बाईंच्या उत्तरानंतर मात्र मशीन लाइन तोडेपर्यंत नुसता श्वास ऐकू यायचा. तेवढी कॅसेट मी पुढं पळवायचो.

बाराव्या दिवशी माकडांनी त्यांच्या आळीतली केबल तोडली. जोडून झाल्यावर चित्र दिसतंय का बघायला मी त्यांच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं, बोलायला गेल्या, पण आवाज फुटेना. दोनदा खाकरल्या.

“बरं न्हाई का, आक्का?”

“बरी आहे. सकाळपासून बोलले नव्हते, म्हणून.”

खोलीत एकच खुर्ची होती, ती फोनजवळ. टीव्ही लागला. मी आपला गमतीनं म्हणालो, “आता रोज पयला नंबर तुमचा! आदी सोपी सोपी बी चुकत हुता की.”

“तेव्हाही येत होतं,” त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या. “कोडं दिसलं की लगेच येतं मला. पण बरोबर आलं की तुम्ही फोन ठेवता, मल्हारराव. चुकलं की बोलता.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता चुकून उपयोग नाही. ते मशीन काही बोलत नाही. माझं नाव सोडलं तर परवा अख्ख्या दिवसात मी एकच शब्द बोलले. उखळ.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. या बाईला मी गावभर ढ म्हणत होतो, आणि तिचा श्वास ऐकायचा कंटाळा येऊन कॅसेट पळवत होतो. त्यांनी चहाचं विचारलं. मी नको म्हणून तसाच बाहेर पडलो. चहाला थांबायला हवं होतं, हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

त्या संध्याकाळी मशीन काढून खोक्यात भरलं आणि कोडं टाकलं, ‘पीठ मळायचं लाकडी भांडं’. चार अक्षरं, शेवटचं ‘ट’. सात वाजून एक मिनिटानं फोन वाजला.

“शकुंतला लिमये. काठवट.” मशीनला सांगायचं तसं घाईनं सांगून त्या गप्प झाल्या.

“आक्का, मी हाय.”

उत्तर बरोबर होतं. मला माहीत होतं आणि त्यांनाही. बाकीच्या गावाला लाइन लागत नसणार.

“चुकलं,” मी म्हणालो.

“चुकलं?”

“साफ चुकलं. नीट इचार करा.”

त्या म्हणाल्या, “मग परात असेल.”

“परात लाकडाची असती व्हय? आन अक्षरं बी तीनच हायती.”

“हो की,” त्या म्हणाल्या. “थांबा हं, आठवून सांगते. तुम्हाला वेळ आहे ना?”

“लय हाय,” मी म्हणालो.