भिंतीतली खाच

इंग्लंडात लेकीकडे गेले होते, तेव्हा तिने मला एका जुन्या जमीनदाराची हवेली दाखवायला नेलं. उंच दगडी खांब, संगमरवरी जिना आणि दिवाणखान्याच्या प्रत्येक खिडकीत हिरवीगार बाग. मग आम्ही खाली स्वयंपाकघरात उतरलो. तिथेही खिडकी होती, पण माझ्या डोक्याच्या हातभर वर. उजेड येत होता, बाहेरचं काही दिसत नव्हतं.

"मालकमंडळी बागेत फिरताना मोलकरणींनी बघू नये, म्हणून मुद्दाम उंच ठेवलीय," गाइडबाई कौतुकाने म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. उजेड द्यायचा, कारण त्याशिवाय भांडी लख्ख निघत नाहीत. बाग मात्र द्यायची नाही! माझ्याही घरचा ओटा भिंतीकडे तोंड करून आहे. तीस वर्षं त्या टाइल्सकडे बघत मी पोळ्या लाटल्या, आणि हे कुणी ठरवलं असं एकदाही विचारलं नाही.

तेवढ्यात खिडकीखाली भिंतीत एक खाच दिसली. पाऊल मावेल एवढी वीट कोरून काढलेली होती. घर बांधणाऱ्याने ती नक्कीच ठेवलेली नव्हती. तिची कड झिजून गुळगुळीत झाली होती, आणि एकटीच्या पायाने वीट अशी झिजत नाही.

मी साडी खोचली, खाचेत पाय रोवला, खिडकीची चौकट धरली आणि चढले.

"आई, उतर! सगळे बघतायत," लेक कुजबुजली.

"बघू देत. मीही बघतेय."