डाग दिलेला स्टोव्ह

स्टोव्ह पेटवायच्या आधी माई घर रिकामं करीत. "चला, बाहेर व्हा सगळे," अशी हाक आली की हे दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून गॅलरीत येत आणि त्यांच्यामागून मी. माझ्या नव्या संसाराची पहिली आठवण विचारलीत तर हीच : डोंबिवलीतल्या चाळीची गॅलरी, शेजारी अर्ध्या दाढीचा नवरा आणि लावलेल्या दाराआड पंप मारत बसलेली सासू. आवाज एकसारखा झाला की कडी निघे आणि माई म्हणत, "या आता. वाचलो."

'वाचलो' हे त्या थट्टेने म्हणत असाव्यात असं मला सुरुवातीला वाटलं. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, मी ठाण्याहून सून म्हणून आले होते, आणि सासूच्या बोलण्यातलं खरं कुठलं, गमतीचं कुठलं हे कळायला वेळ लागतो. यात गंमत अजिबात नव्हती.

स्टोव्ह पितळी होता. सासरे हयात असताना घेतलेला. टाकीला बुडाशी कधीतरी भोक पडलं होतं, तिथे डाग दिला होता आणि त्या डागाच्या कडेने रॉकेल पाझरायचं. माई रोज सकाळी आंघोळीच्या साबणाचा तुकडा बोटाने मऊ करून ती फट लिंपत. पदर कमरेला घट्ट खोचत, शेजारी ओलं गोणपाट ठेवत, मग काकडा पेटवत. दुसरा स्टोव्ह घ्यायची ऐपत तेव्हा नव्हती. चहा करायला मी पुढे झाले की त्या माझा हात बाजूला सारत. मला आधी रागच आला. सुनेला साधा चहा करू देत नाही म्हणजे काय! एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "तुला अजून पुष्कळ वर्षं स्वैपाक करायचाय, कुसुम. फुटायचाच असेल तर माझ्या हातात फुटू दे."

त्या दिवसापासून राग गेला आणि भीती आली. गॅलरीत उभी राहून मी आतला आवाज ऐकत असे. फरफर मध्येच बसली की मी दाराला कान लावायचे. ह्यांना त्याचं काही नव्हतं. हे म्हणत, "रोजचंच आहे."

पुढे ह्यांना बढती मिळाली आणि घरात नवा स्टोव्ह आला. त्याच संध्याकाळी हे म्हणाले, "माई, आता जुना मोडीत घालू या."

"दुकानदार मोडतो होय रे?" माई म्हणाल्या. "डाग बुजवील, चिंचेने घासून लख्ख करील आणि कुणा गरिबाच्या गळ्यात बांधील. आपल्या घरातली आग दुसऱ्याच्या घरी धाडायची?"

"मग मी फोडून देतो. आण गं हातोडी."

माईंनी कानांवर हात ठेवले. आमच्याकडे खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजत. तलवारी-बंदुका आम्ही कुठून आणणार? विळी, हातोडी आणि हा स्टोव्ह पाटावर मांडला जाई. इतक्या वर्षांचं हळदकुंकू ज्याला लागलं, त्याच्यावर घाव घालायला माईंचा जीव धजेना. विकायचाही नाही आणि फोडायचाही नाही, म्हणून तो जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर गेला. माझं अंथरूण नेमकं त्याखाली. रिकाम्या स्टोव्हला काय भ्यायचं, पण मी भ्यायचे.

मग एकदा मी माहेरी गेले होते, माई बहिणीकडे टिटवाळ्याला, आणि एकट्या पुरुषाला घर आवरायची हुक्की आली. आम्ही दोघी परतलो तर माळा स्वच्छ. माईंनी वर पाहिलं. "वसंता, स्टोव्ह?"

"कल्याणला मोडीच्या दुकानात देऊन आलो. वितळवणार म्हणालाय तो."

"तुझ्या देखत फोडला?"

माई पाणीसुद्धा न पिता उठल्या. "कुसुम, चपला घाल."

कल्याणच्या बाजारात दुकान सापडलं, पण स्टोव्ह नव्हता. दुकानदार कौतुकानेच सांगू लागला, "तो होय? थोडा डाग मारला, घासला, नव्यासारखा झाला बघा. गेला पण."

"कुणाकडे?"

"नव्या संसाराचं सामान घेत होती एक बाई. बरोबर नवी सून होती. हळदसुद्धा उतरली नव्हती पोरीची."

"गाव कुठलं?"

"गिऱ्हाइकाला गाव काय विचारत बसू, आजी?"

"अहो, भाजेल ती पोर!" माई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की रस्त्यातली माणसं थांबली. दुकानदार वरमला, पण म्हणाला, "विकलात तुम्हीच ना?"

घरी आल्यावर माई देवासमोर बसून म्हणाल्या, "हळदकुंकवाला भ्याले मी. तेव्हाच फोडायला हवा होता." ह्यांना त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हे कितीतरी दिवस मान वर करून जेवले नाहीत.

त्यानंतर दारात मीठवाली येवो की मासळीवाली, माई आधी विचारत, "तुमच्या गावात कुणी सून भाजली का गं?" कोपरची भाजीवाली हसून म्हणे, "नाय गो माय, आमचे गावान कोन नाय भाजला." तेवढ्यावर माईंचा दिवस जाई. चाळीत म्हणू लागले की म्हातारीच्या डोक्यात फरक पडलाय. पुढच्या खंडेनवमीला मी नव्या स्टोव्हला कुंकू लावायला गेले, तर त्यांनी माझं बोट धरलं. "ह्याला नको. ह्याला एक दिवस फोडायचंय आपल्याला." आणि तो गळायला लागला तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने फोडला, ठोकून ठोकून पत्रा केला आणि मगच मोडीत दिला.

शेवटच्या आजारात त्या माणसं विसरू लागल्या. एका दुपारी मी पेज भरवत होते, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पोरी, तुझं गाव कुठलं गं?"

"माई, मी कुसुम."

"तो स्टोव्ह पेटवू नकोस. सासू रागावली तरी पेटवू नकोस. ऐकशील ना?"

मग मी त्या पोरीच्या वतीनेच बोलले. "नाही पेटवला, आजी. सासूने टाकीत पाणी घालून पाहिलं. गळतोय म्हणून फोडून टाकला."

"तुझ्या देखत?"

"माझ्या देखत."

त्यांनी मनगट सोडलं आणि राहिलेली पेज मुकाट्याने प्यायल्या. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. दिवाळीच्या आत त्या गेल्या.

ती पोर कोण, कुठली, मला ठाऊक नाही. असेल तर आज नातवंडांत असेल. पण कुठे कुणी बाई भाजल्याचं कानावर आलं की माझ्या तोंडून 'कधी' निघत नाही, 'कशी आहे' निघत नाही. मी विचारते, "स्टोव्ह पितळी होता का हो?"