माझा एक तरी धड फोटो

माझ्या मित्रानं जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले आणि स्वतःचा भिंतीवर लागला तो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला. काय म्हणावं याला! गेल्या वर्षी तो अचानक गेला, तेव्हा घाईत दुसरा फोटो मिळाला नाही. चेहरा असा, की रांगेत ताटकळून खिडकीशी पोचावं आणि आतल्यानं जेवणाची सुट्टी झाली म्हणावं. बघितला की मला रागच येतो.

नाशिक रोडला त्याचा छोटा स्टुडिओ होता. मी शाळामास्तर, लग्न केलं नाही, त्यामुळे शाळा सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे. निवृत्त झाल्यावर तर दुपारपासूनच बाकडं अडवून बसायचो. चहा प्यायचा आणि भांडायचं, हा आमचा धंदा. पावसावरून भांडायचो, चहात साखर किती यावरून भांडायचो. आता संध्याकाळ झाली की मी सवयीनं चपला घालतो. मग आठवतं, आणि काढून ठेवतो.

मागच्या महिन्यात वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, बोलावलं. त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन जवळ आलं होतं.

"भाऊजी, तुमच्याकडे ह्यांचा एखादा हसरा फोटो असेल ना? भिंतीवरच्या ह्या फोटोकडे बघून वाटतं, हे माझ्यावर रुसूनच गेले."

लग्नातला होता म्हणा त्यांच्याकडे. पण त्यात एक हडकुळा पोरगा गोंधळून उभा आहे, चष्मासुद्धा नाही. तो आमचा गडी नव्हेच. आणि नंतर तो कॅमेऱ्यासमोर कधी आला नाही. कितीदा ओढला त्याला! "मी तिथं उभा राहिलो तर इथं कोण, तू? डोकं उडवशील माझं," असं म्हणून हात सोडवून घ्यायचा.

"बघतो, सापडेल," असं वहिनींना सांगून आलो. फोटो मला स्वतःलाही हवाच होता. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. डोळे मिटले की आता मला आधार कार्डवालाच दिसायला लागला होता. रोज ज्याच्याशी भांडलो त्या माणसाचा चेहरा वर्षभरात पुसला जावा? मग उरलं काय माझ्याजवळ? घरात दुसरं माणूस नाही, त्याच्याविषयी बोलायचं तरी कुणाशी?

कपाटातून शर्टाचं जुनं खोकं काढलं. त्यानं काढलेले माझे सगळे फोटो मी त्यात जपून ठेवलेत. सगळे पलंगावर मांडले. सुरगाण्याच्या रस्त्यावर स्कूटर बंद पडली तेव्हाचा, हातात नागलीची भाकरी. निरोप समारंभाचा, शाल आणि नारळ घेतलेला. एक नुसताच, बाकड्यावर चहा पितानाचा. तो कुठंच नाही. एकाही फोटोत नाही. सगळीकडे मीच, आणि सगळीकडे माझं तोंड उघडं!

याचं कारण त्याची फोटो काढायची तऱ्हा. स्माइल प्लीज वगैरे म्हणायचं नाही. कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, चौकट नीट बसवून घ्यायची, की मान वर काढून, बोट बटणावर ठेवून, समोरच्याला डिवचायला लागायचं. नवरदेव असो, नाहीतर पंचायतीचा सरपंच. माणूस उलट बोलायला तोंड उघडतो न उघडतो, तोच खटका. गिऱ्हाईक कुरकुरायचं, तर म्हणायचा, "मिटलेल्या तोंडाचा फोटो ओळखपत्राला. माणसाचा काढायचा तो बोलतानाच." मी तर जन्मभर त्याच्यामागे लागलो होतो, अरे बाबा, माझा एक तरी धड फोटो काढ. "तू धड आहेस का?" एवढंच उत्तर मिळायचं.

तळाशी येवल्याचा फोटो होता. एका विणकराच्या पैठण्यांचे फोटो काढायचे होते, मी उगाच सोबत गेलो होतो. नेसून दाखवणारी बाई आलीच नाही. तर या पठ्ठ्यानं मोरांचा पदर माझ्याच खांद्यावर टाकला. एवढ्या मिश्या, आणि वर तो भरजरी पदर! फोटोत मी तोंड वासून काहीतरी ओरडतोय. काय बरं ओरडत होतो मी? आणि एकदम ऐकू आलं. "लाजा की जरा, नवरीबाई!" त्यावर मी म्हणालो होतो, "थांब, याच पदरानं गळा आवळतो तुझा."

आणि दिसला की हो! चष्मा कपाळावर सरकवलेला, एक डोळा सवयीनं अजून मिटलेलाच, हसू दाबल्यामुळे थरथरणारी हनुवटी. अस्सा समोर दिसला. पुन्हा सगळे फोटो पाहिले. कशातच मी कॅमेऱ्याकडे बघत नव्हतो. नजर थोडी वर, वीतभर, जिथं त्याची मान असायची तिथं. एवढ्या वर्षांत हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो.

सकाळी येवल्याचा फोटो वहिनींच्या हातात दिला. पदर बघून त्या आधी हसत सुटल्या, मग डोळ्याला पदर लावला.

"भाऊजी, अहो पण यात तर तुम्हीच आहात. जिवंत माणसाला हार घालू का?"

"घालू नका," म्हटलं. "नुसता त्याच्या फोटोसमोर ठेवा. माझं तोंड त्याच्याकडे करून."

त्यांनी ठेवला. कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या, लोक फुलं वाहून गेले. आधार कार्डवाला गंभीर, आणि समोर पदर घेतलेला मी त्याच्यावर ओरडतोय. दोघं एकमेकांना सोडायला तयार नव्हतो.

पुढच्या आठवड्यात पेन्शनच्या कामासाठी मला फोटो लागला. त्याच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे, म्हणून पलीकडच्या गल्लीत नव्या ठिकाणी गेलो. स्टुलावर बसलो. फोटोवाला म्हणाला, "काका, वर कुठं बघताय? इकडे, कॅमेऱ्यात बघा." मी वरच बघत होतो. तिथं भिंत होती, भिंतीवर घड्याळ. नजर खाली आणली, तोंड मिटलं. कुणी डिवचलं नाही, खटकासुद्धा ऐकू आला नाही.

फोटो लगेच हातात आला. डोळे समोर, ओठ मिटलेले, मान सरळ. माझा जन्मातला पहिला धड फोटो. त्यात मी कुणाकडेच बघत नाहीये.